एसीएल फाटल्यावर : ऑपरेशनची तयारी ते मैदानात परत

गुडघ्यातून ‘टक्’ असा आवाज, पाय टेकवत नाही आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म. कबड्डीत पाय रोवून अंग फिरवलेलं असो, टर्फवर फुटबॉलचा स्टड अडकलेला असो, पावसात स्कूटर घसरलेली असो की दहीहंडीचा थर कोसळून पाय वाकडा पडलेला असो, पहिला दिवस बहुधा असाच जातो. इतक्या लवकर सूज येते ती सांध्यात रक्त उतरल्यामुळे, आणि असं झालं की पहिला संशय एसीएलवर घ्यायचा. दुसऱ्या दिवशी हळूहळू आलेली सूज ही अनेकदा गादीच्या, म्हणजे दोन हाडांमधल्या कूर्चेच्या चकतीच्या (मेनिस्कस) दुखापतीची असते. अर्थात दोन्ही एकदम फाटलेलीही सापडतात.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना सांध्याच्या आत तिरकं बांधणारं लिगामेंट, म्हणजे चिवट पट्टा, ते एसीएल (अँटेरिअर क्रूशिएट लिगामेंट). ते नडगीला पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा पिळू देत नाही. म्हणून सूज उतरल्यावर सरळ रस्त्याने चालताना काहीच जाणवत नाही. मग एखाद्या दिवशी दादरच्या पुलावर गर्दीत कुणी धक्का देतं, पाय तिथेच राहतो, अंग वळतं आणि गुडघा ‘सटकतो’. सटकण्याच्या प्रत्येक वेळी आतली गादी आणि हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा थोडी थोडी मार खाते. चालता येतंय ना, मग बरं झालंय, हा समज इथे सर्वांत महागात पडतो.

पहिले दोन आठवडे

मालीश नाही, ओढून ‘बसवणं’ नाही, गरम शेक नाही. ताज्या सुजेवर चोळलं की रक्तस्राव वाढतो आणि गुडघा आणखी आखडतो. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा; क्रेप बँडेज, पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर, चालताना कुबड्या. आधी एक्स-रे काढून हाड मोडलेलं नाही याची खात्री करायची. एमआरआय त्यानंतर. डॉक्टर हाताने नडगी पुढे ओढून ढिलेपणा पाहतात ती लॅकमन चाचणी सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यात नीट लागत नाही. ८-१० दिवसांनी पुन्हा करून घेतली की चित्र स्पष्ट होतं. नुसता एमआरआयचा कागद पाहून ऑपरेशन ठरवणाऱ्यापेक्षा हात लावून तपासणारा ऑर्थोपेडिक बरा.

एक अपवाद लक्षात ठेवा. गुडघा सरळच होत नसेल, मध्येच कडी लागल्यासारखा अडकत असेल, तर फाटलेल्या गादीचा तुकडा सांध्यात आडवा आलेला असू शकतो. तिथे वाट पाहायची नाही, त्याच आठवड्यात सर्जनला दाखवायचं.

ऑपरेशन लागतंच का?

प्रत्येकाला नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय रुग्णांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाचं ऑपरेशन लवकर केलं, दुसऱ्याला आधी फक्त व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच चालत होते, आणि पाच वर्षांपर्यंत दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्या लोकांना ऑपरेशन लागलंच नाही. म्हणजे बैठं काम, सरळ चालणं, पोहणं, सायकल एवढंच आयुष्यात असेल तर तीन महिने मन लावून व्यायाम करून पाहणं हा पळपुटेपणा नाही.

ऑपरेशनकडे कल जातो तो असा : कबड्डी, फुटबॉल, बास्केटबॉल, बॅडमिंटनसारखे वळण्याचे खेळ पुन्हा खेळायचे आहेत, व्यायाम करूनही गुडघा सटकतो, शिवता येण्यासारखी गादी फाटली आहे, एकाहून जास्त लिगामेंटं गेली आहेत, किंवा शिडी, छत, ओझं असं काम आहे. व्यायामही नाही आणि ऑपरेशनही नाही, नुसता ‘नी कॅप’ घालून खेळणं, हा मार्ग मात्र कुणी धरू नये. बाजारातला कापडी नी कॅप नडगीला थांबवू शकत नाही.

ऑपरेशनच्या आधीची तयारी

सुट्टी मिळाली, कॅशलेस मंजूर झालं, म्हणून सुजलेल्या गुडघ्यावर घाईने ऑपरेशन उरकलं की गुडघा कायमचा आखडण्याचा धोका वाढतो. टेबलावर जाण्याआधी एवढं जमलं पाहिजे : गुडघा दुसऱ्या पायाइतका पूर्ण सरळ, वाकणं निदान १२० अंश, सूज नगण्य, चालताना लंगड नाही आणि पडल्या पडल्या पाय सरळ उचलताना गुडघा जराही वाकत नाही. याला साधारण ३ ते ६ आठवडे जातात. मुंबईत केईएम, सायन, नायर किंवा कूपर रुग्णालयात केसपेपर काढून ऑर्थो ओपीडीत नंबर लावला असेल तर तारखेची वाट पाहण्याचा काळ यासाठीच वापरायचा. हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत फिजिओथेरपीची सोय आहे.

घरही तयार करायचं. जमिनीवरची गादी उचलून पलंग किंवा दिवाण, हात टेकायला दांडी असलेली खुर्ची, बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल. भारतीय पद्धतीचा संडास किंवा चाळीतला सामाईक संडास असेल तर कमोड चेअर भाड्याने मिळते. ती आधीच आणून ठेवा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी कुबड्या घेऊन जिना चढण्या-उतरण्याचा सराव ऑपरेशनच्या आधी करावा. भूल उतरल्यावर, दुखऱ्या पायाने, अंधाऱ्या जिन्यात हे शिकायचं नसतं.

कुबडीची उंची अशी लावा : ताठ उभं राहिल्यावर वरची गादी काखेच्या दोन-तीन बोटं खाली, मूठ मनगटाच्या रेषेत. भार तळहातांवर, काखेवर नाही. काखेवर लोंबकळलं की नस दबून बोटांना मुंग्या येतात. जिना चढताना चांगला पाय आधी. उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. खालचे रबरी बूच झिजले असतील तर बदला, विशेषतः पावसाळ्यात. ओल्या लादीवर गुळगुळीत बूच सरळ घसरतं.

ग्राफ्ट कुठून घेणार, हे विचारा

फाटलेलं एसीएल सहसा शिवून चालत नाही; सांध्यातल्या द्रवात रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे दोन टोकं नीट जुळत नाहीत. म्हणून तुमच्याच शरीरातला दुसरा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून नवं लिगामेंट बसवतात; त्यालाच ग्राफ्ट म्हणतात. पर्याय चार, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी.

हॅमस्ट्रिंगचे, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंचे, दोन कंडरे काढून, दुमडून चार पदरी करणं सर्वांत प्रचलित. जखम लहान, गुडघ्याच्या वाटीपुढे दुखणं कमी. पण मांडीमागची ताकद काही काळ जाते. जाडी ८ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर तरुण खेळाडूत पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो. बारीक चणीच्या व्यक्तीत हा प्रश्न येतो, तेव्हा कमी भरली तर काय करणार हे आधीच विचारून ठेवा. वाटीखालच्या कंडऱ्याचा मधला, साधारण १० मिलिमीटरचा पट्टा दोन्ही टोकांच्या हाडासकट काढला की हाडाला हाड लवकर धरतं. म्हणून व्यावसायिक खेळाडूंत तो लोकप्रिय. मात्र गुडघ्यावर टेकताना दुखतं. पूजेला, नमाजाला गुडघे टेकणाऱ्यांनी किंवा फरशी बसवणाऱ्या कारागिरांनी ही गोष्ट सर्जनला स्पष्ट सांगावी. वाटीवरच्या क्वाड्रिसेप्सच्या कंडऱ्याचा ग्राफ्ट जाड मिळतो, पण मांडीचा पुढचा स्नायू जागा करायला वेळ लागतो. घोट्यामागचा पेरोनियस लाँगस हा कंडरा आपल्याकडे बरेच सर्जन वापरतात. जाडी चांगली, गुडघ्याजवळ दुसरी जखम नाही, बदल्यात घोट्याचे व्यायाम वेगळे करावे लागतात. यातला एकच श्रेष्ठ असं सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका. ज्या सर्जनचा हात ज्या ग्राफ्टवर बसलेला आहे त्यालाही वजन आहे.

ऑपरेशन दुर्बिणीतून, बहुधा कमरेतून भूल देऊन, साधारण तास-दीड तासाचं. दोन्ही हाडांत बोगदे पाडून ग्राफ्ट ओवतात. वर बहुधा टायटॅनियमचं छोटं बटण, खाली स्क्रू. हे सामान सहसा काढावं लागत नाही. मुक्काम एक ते दोन दिवस.

खर्चाचं एस्टिमेट मागताना इम्प्लांट, दुर्बिणीचं एकदा वापरायचं साहित्य, ब्रेस (गुडघा धरून ठेवणारा पट्टा) आणि फिजिओ हे चार आकडे वेगळे लिहून घ्या. गोंधळ इथेच होतो. विम्यात डिस्चार्जनंतरचा खर्च ठरावीक दिवसांपुरताच मिळतो, फिजिओ मात्र नऊ महिने चालते. सरकारी योजनेत बसतं का, हे संबंधित रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. घरी निघताना ऑपरेशन नोट, इम्प्लांटचे स्टिकर आणि दुर्बिणीतले फोटो घेतल्याशिवाय हलू नका. ग्राफ्ट कोणता, जाडी किती, गादी शिवली की कापली, हे कळल्याशिवाय फिजिओला पुढचा कार्यक्रम आखता येत नाही.

घरी आल्यावर : सरळ, सरळ, सरळ

घरी नेताना टॅक्सीची अख्खी मागची सीट घ्या आणि पाय आडवा सरळ ठेवा. रिक्षात पाय पसरायला जागा नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत वाकवण्यापेक्षा गुडघा पूर्ण सरळ होणं महत्त्वाचं. घरोघरी होणारी चूक एकच : प्रेमाने गुडघ्याखाली उशी सरकवतात. आराम वाटतो, आणि गुडघा पाच-दहा अंशात वाकलेलाच राहायला शिकतो. उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली हवा, गुडघा अधांतरी, वाटी छताकडे. असं १० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. ओढ लागते, तीच हवी आहे. सरळपणा राहून गेला तर ग्राफ्टच्या पुढे तंतूंची गाठ धरते, त्याला सायक्लॉप्स म्हणतात, आणि ती काढायला पुन्हा दुर्बीण घालावी लागू शकते.

दुसरं काम मांडीचा पुढचा स्नायू जागा करण्याचं. सूज असलेल्या सांध्यात मेंदू हा स्नायू जवळजवळ बंद करून टाकतो. इच्छाशक्तीचा दोष नसतो. पाय सरळ ठेवून गुडघा खाली दाबायचा, वाटी मांडीकडे सरकताना दिसली पाहिजे, ५ ते १० सेकंद धरायचं, दहा वेळा, दिवसातून पाच-सहा खेपा. वाटी हलतच नसेल तर फिजिओकडून विद्युत उत्तेजना घ्या. पहिल्या आठवड्यांत तिचा खरोखर उपयोग होतो. हे जमलं की पाय सरळ उचलणं, १० च्या ३ खेपा. उचलताना गुडघा वाकत असेल तर तो व्यायाम अजून तुमचा नाही. घोटा वर-खाली दर तासाला २० वेळा, पोटरीत गुठळी होऊ नये म्हणून. टाच पलंगावर घसरवत गुडघा वाकवणं, १० ते १५ वेळा, दिवसातून तीनदा. दोन आठवड्यांत ९० अंश पुरे.

सर्जनने परवानगी दिली असेल तर कुबड्यांसह भार टाकायचा. गादी शिवली असेल तर गणित बदलतं : ४ ते ६ आठवडे अर्धा भार किंवा ब्रेस लावून, आणि ९० अंशांपलीकडे वाकवणं नाही. शेजारच्या इमारतीतला कुणी तिसऱ्या दिवशी चालत होता म्हणून तुम्ही चालायचं नाही. त्याची गादी शाबूत असेल.

मांडीमागे, पोटरीत, अगदी घोट्यापर्यंत निळं-काळं उतरतं, विशेषतः हॅमस्ट्रिंग घेतल्यावर. नडगीच्या वरच्या भागावर बधिरपणा राहतो. तिथली बारीक नस जखमेच्या वाटेत येते. दोन्हींत घाबरण्यासारखं काही नाही. टाके १२ ते १४ दिवसांनी. तोवर जखम कोरडी. मुंबईच्या दमट हवेत घामाने पट्टी भिजली तरी बदलून घ्यायची.

ताबडतोब रुग्णालय गाठायचं ते यासाठी : कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढतंय आणि गुडघा गरम, ताप, जखमेतून पाणी किंवा पू; पोटरी कडक, दुखरी, सुजलेली; अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं. सांध्यातला जंतुसंसर्ग गोळ्यांवर ढकलायचा नसतो, सांधा धुवावा लागतो. आणि जितका उशीर तितकं कूर्चेचं नुकसान. फॅमिली डॉक्टरकडे अँटिबायोटिक घेऊन चार दिवस काढू नका, ऑपरेशन करणाऱ्यालाच फोन करा.

दोन ते बारा आठवडे : इथे माणसं फसतात

कुबडी तारखेवर सोडायची नाही. गुडघा पूर्ण सरळ, पाय उचलताना ढिला पडत नाही, लंगड नाही, तेव्हा सोडायची. एक कुबडी उरली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. बहुतेक जण उलटी धरतात. साधारण १०५-११० अंश वाकू लागलं की स्थिर सायकल, सीट उंच, रेझिस्टन्स शून्य. मग भिंतीला टेकून ० ते ६० अंशांचं अर्धं उठबस, लेग प्रेस, १५ सेंटिमीटरच्या पायरीवर चढणं. लेग एक्स्टेन्शन यंत्राला घाबरायचं कारण नाही, पण ते ९० ते ४५ अंशांच्या टप्प्यात, हलक्या वजनाने आणि फिजिओने सांगितल्यावरच. हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट असेल तर मांडीमागच्या स्नायूवर वजन ६ ते ८ आठवड्यांआधी नाही. मोजे चढवायला झटकन वाकलं तरी मागे चमक भरते.

व्यायाम जास्त झाला हे ओळखायला शिवणाची टेप पुरते. रोज सकाळी वाटीच्या मध्यावरून घेर मोजा, वहीत लिहा. काल रात्रीच्या व्यायामानंतर वाढलेला घेर सकाळपर्यंत उतरला नसेल तर आजचा व्यायाम निम्मा.

आता मुख्य गोष्ट. बसवलेला कंडरा सुरुवातीला जिवंत नसतो. त्याच्यात रक्तवाहिन्या नव्याने शिरतात आणि त्या काळात तो बसवला तेव्हापेक्षा कमजोर होतो. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात तो सर्वांत नाजूक असतो. नेमकं तेव्हाच दुखणं संपलेलं, सूज गेलेली, चाल सुधारलेली असते, आणि घरचे म्हणतात, आता काय झालंय तुला! हाच काळ धावती बस पकडण्याचा, लग्नात नाचण्याचा, ‘फक्त दोन ओव्हर’ टाकण्याचा.

लोकलचं वेळापत्रकही यावरच लावा. बैठ्या कामावर दोन-तीन आठवड्यांत जाता येतं, तेही घरून काम किंवा टॅक्सी असेल तर. गर्दीच्या वेळची लोकल सहा आठवड्यांआधी नको, त्यानंतरही गर्दी टळल्यावर आणि बसायला मिळेल अशी. उभं राहणं भाग असेल तर दारात नको. आतल्या बाजूला पाठ टेकून. चालत्या गाडीतून उतरणं म्हणजे एका पायावर वळत घेतलेली उडी, आणि उडीचा टप्पा पाचव्या महिन्यात येतो. गाडी चालवणं उजवा पाय असेल तर साधारण सहा आठवड्यांनी, ब्रेक दचकून दाबता आला तरच. दुचाकी तीन महिन्यांनी. सिग्नलला तोल गेला की पाय टेकून वजन सावरावं लागतं, म्हणून. मांडी घालणं आणि उकिडवं बसणं चार महिन्यांआधी नाही, गादी शिवली असेल तर सहा.

तिसऱ्या महिन्यापासून मैदानापर्यंत

धावणं सुरू करायला कॅलेंडरवर तीन-चार महिने आणि गुडघ्यात चार गोष्टी लागतात : सूज नाही, पूर्ण हालचाल, मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या ७०-८० टक्के, आणि आरशासमोर एका पायावर उठबस करताना गुडघा आत पडत नाही. सुरुवात एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, अशा आठ फेऱ्या, एक दिवस सोडून, मऊ जमिनीवर. शिवाजी पार्कची माती चालेल, मरीन ड्राइव्हची फरसबंदी नंतर. चौथ्या-पाचव्या महिन्यात दोन पायांवर उडी, मग एका पायावर. उतरताना आवाज जितका कमी तितकं उतरणं चांगलं. सहाव्या महिन्यापासून दिशा बदलणं, आधी ठरवून, मग समोरच्याच्या हालचालीवर. कबड्डीवाल्यांनी पकडीतला ताण सर्वांत शेवटी आणावा; घोटा धरून ओढल्यावर गुडघ्यावर येणारा पीळ कुठल्याही जिम यंत्रात मिळत नाही.

परतण्याची किमान मर्यादा नऊ महिने. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने पुढे ढकललं, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलं. तारीख मात्र पुरेशी नाही. एका पायावर एक उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या आडव्या तीन उड्या आणि सहा मीटर अंतर एका पायाच्या उड्यांनी वेळ लावून, या चारही चाचण्यांत, तसंच मांडीच्या ताकदीत दुखरा पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरला पाहिजे. स्नायूंची ताकद मोजणारं आयसोकायनेटिक यंत्र सगळीकडे नसतं. लेग एक्स्टेन्शनवर एकेका पायाने उचललेलं सर्वाधिक वजन लिहून ठेवलं तरी अंदाज येतो. इथे एक फसवणूक असते : नऊ महिन्यांत चांगला पायही उतरतो, आणि बरोबरी होते ती दोन कमजोर पायांची. म्हणून चांगल्या पायाचे आकडे ऑपरेशनच्या आधीच घेऊन ठेवा. उडीची लांबी भरली तरी मांडीची ताकद कमी असू शकते, कारण शरीर कंबर आणि घोट्याने उडी मारून नेतं. ताकदीची चाचणी वगळून दिलेलं ‘फिट’चं पत्र घेऊ नका.

मैदानात पहिला महिना सरावाचा, मग अर्धा सामना, दुसऱ्या सकाळी टेपने घेर, मग पूर्ण सामना. पंचविशीच्या आतल्या खेळाडूंना पुन्हा इजा होण्याचा धोका अधिक, आणि तो दुसऱ्या गुडघ्यालाही असतो. त्यामुळे ताकदीचे व्यायाम दोन्ही पायांचे, आठवड्यातून दोनदा, खेळणं चालू आहे तोवर. सामन्याआधी ‘फिफा ११+’ सारखा वीस मिनिटांचा वॉर्म-अप करायचा. ओल्या टर्फवर लांब स्टडचे बूट टाळा, आणि कबड्डीची मॅट निसरडी झाली असेल तर खेळ थांबवून पुसून घ्या.